आधी डेकच्या खाली वाकून बघा

अमेरिकेतल्या मराठी घरांचा मे ते ऑक्टोबर हा काळ बराचसा डेकवर जातो. भारतातून आलेले आईबाबा सकाळचा चहा तिथेच घेतात, शनिवारी कणसं भाजली जातात, गणपतीच्या दिवशी घरात माणसं मावेनाशी झाली की निम्मी पंगत मागच्या दारातून बाहेर सरकते. न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय अशा राज्यांत आपल्यातल्या पुष्कळांनी १९९०च्या दशकाअखेर आणि २०००नंतरच्या काही वर्षांत घरं घेतली. त्या घरांमागचा मूळचा लाकडी डेक अजून उभा असेल, तर त्याचं वय झालं आहे. प्रेशर ट्रीटेड लाकडाचा डेक नीट बांधला आणि सांभाळला तर साधारण पंधरा-वीस वर्षं चांगला चालतो. त्यापुढचं प्रत्येक वर्ष तपासून घ्यायचं.

मग प्रश्न येतो: डागडुजी करायची, की पाडून नवा बांधायचा? बहुतेक घरांत याचा निर्णय वर उभं राहून होतो. फळ्या करड्या पडल्यात, पायात कुसळं जातात, खिळ्यांची डोकी वर आलीत, म्हणून कोणी ‘सगळं काढून कॉम्पोझिट टाकू’ म्हणतं. उलट कोणी पॉवरवॉश करून स्टेन मारतं, आणि डेक नव्यासारखा दिसला म्हणून पुढची पाच वर्षं निर्धास्त राहतं. दोन्ही ठिकाणी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. फळी हा डेकचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सहज बदलता येणारा भाग आहे. डेक ठेवायचा की काढायचा हे फळीच्या खाली ठरतं.

वाड्यातला कडीपाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना डेकची रचना लगेच कळेल. जमिनीत काँक्रीटचे पाये, त्यांवर खांब, खांबांवर तुळई, तुळईवर ओळीने कड्या, म्हणजे जॉइस्ट, आणि त्यांवर फळ्या. वाड्यात कड्यांची दोन्ही टोकं भिंतीत रुतलेली असत. डेकच्या कड्यांचं एक टोक बाहेरच्या तुळईवर असतं आणि दुसरं घराच्या भिंतीला आडव्या बसवलेल्या एका जाड फळीला अडकवलेलं असतं. ही फळी म्हणजे लेजर. साधारण निम्मा डेक तिच्यावर तोललेला असतो, आणि डेक कोसळल्याच्या घटनांत तीच सर्वाधिक वेळा सुटलेली आढळते.

लेजर कुठे बिघडतो ते समजून घेण्यासारखं आहे. घराची भिंत आणि लेजर यांच्यामध्ये बारीक फट असते. पाऊस, वितळणारा बर्फ, दाराच्या उंबऱ्यावरून ओघळणारं पाणी त्या फटीत उतरतं. फटीवर फ्लॅशिंगची, म्हणजे वाकवलेल्या पत्र्याची किंवा व्हिनाइलची पट्टी असेल तर पाणी बाहेर पडतं. जुन्या डेकना ती बऱ्याचदा नसतेच, किंवा साइडिंग न काढता तिच्यावरूनच लेजर ठोकलेला असतो. मग पाणी आत मुरतं, तिथे ऊन-वारा लागत नाही, लाकूड वर्षानुवर्षं ओलं राहतं. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या आत राहिला तर बुरशीला वाव मिळत नाही. तो सतत जास्त राहिला की लाकूड आतून कुजायला लागतं, आणि नुसता लेजरच कुजत नाही, त्याच्या मागची घराची रिम जॉइस्टही कुजते. म्हणजे डेकचं दुखणं घरात शिरतं. हे सगळं होत असताना वरच्या फळ्या उन्हात खडखडीत वाळलेल्या आणि शाबूत असतात.

शिकागोत २९ जून २००३ला लिंकन पार्क भागात एका इमारतीचे मागचे लाकडी पोर्च पार्टी चालू असताना एकावर एक कोसळले आणि १३ जण गेले. बर्कलीत १६ जून २०१५ला एका अपार्टमेंटची बाल्कनी तुटून ६ विद्यार्थी मृत्युमुखी पडले. तिथल्या कड्या आतून कुजलेल्या होत्या. त्यानंतर कॅलिफोर्नियाने २०१८ आणि २०१९मध्ये कायदे करून अपार्टमेंट आणि काँडोंच्या अशा बांधकामांची ठरावीक वर्षांनी तपासणी सक्तीची केली. पण स्वतंत्र घराच्या मागचा डेक त्या कायद्यांत येत नाही. तो बांधताना पालिकेचा इन्स्पेक्टर येऊन गेला असेल, त्यानंतर सहसा कोणी येत नाही. घर विकायला निघेपर्यंत त्याच्याखाली वाकून बघणारे फक्त तुम्हीच.

तेव्हा एखाद्या रविवारी जुने कपडे घाला, जाड हातमोजे, टॉर्च आणि लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि खाली उतरा. डेक फार बुटका असेल आणि खाली शिरता येत नसेल, तर घराच्या भिंतीलगतच्या दोन-तीन फळ्या काढा. हे काम टाळून घेतलेला कुठलाही निर्णय अंदाजपंचेच.

सुरुवात लेजरपासून. आधी तो घराला कशाने जोडलेला आहे ते बघा. ओळीने अर्ध्या इंचाच्या बोल्टची किंवा लॅग स्क्रूंची षट्कोनी डोकी दिसायला हवीत. नुसती खिळ्यांची डोकी दिसली तर तिथेच थांबा आणि डेक वापरणं बंद करा. खिळा वजन खाली पेलू शकतो, पण भिंतीपासून बाहेर ओढलं गेलं की तो सरकत सुटतो, आणि सुटण्याआधी आवाज करेलच असं नाही. विटांच्या दर्शनी थराला लेजर बोल्ट केलेला असेल तर तेही धोक्याचं. अमेरिकेतल्या बहुतेक घरांच्या विटा म्हणजे लाकडी भिंतीवर चढवलेलं आवरण असतं, वजन घ्यायला ते बनवलेलंच नसतं.

आता स्क्रूड्रायव्हर. लेजरच्या वरच्या कडेला, बोल्टच्या आसपास, दाराखालच्या भागात त्याचं टोक जोर लावून दाबा. निरोगी लाकडात जेमतेम खूण उमटते. टोक पाव इंच किंवा त्याहून जास्त सहज आत गेलं, तर लाकूड गेलेलं आहे. टोक थोडं तिरकं रुतवून लाकूड उचकटूनही बघा: चांगल्या लाकडाची लांब, चिवट चिपळी निघते, कुजलेल्याचा आखूड तुकडा पटकन तुटतो आणि हाताला दमट भुगा लागतो. कधी लाकूड वरून रंगवलेलं, गुळगुळीत दिसतं आणि टोक आत जातं तेव्हा काहीच आवाज येत नाही. ही तपासणी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, दर फुटाला करा. तळघरातून भिंतीची आतली बाजू दिसत असेल तर तिथेही ओलीचे डाग शोधा.

लेजरनंतर कड्या. कडीला जिथे फळीचे खिळे किंवा स्क्रू घुसतात, तिथे वरच्या कडेत पाणी उतरतं, म्हणून कडी वरून कुजते. खालून बघताना ती छान दिसते. त्यामुळे निदान चार-पाच ठिकाणी फळी उचलून कडीचा माथा तपासा. कड्या ज्या लोखंडी खोबणीत बसवलेल्या असतात त्या हँगरकडे नीट बघा. पांढरट थर हा जस्त झिजल्याची खूण असतो, लाल-तपकिरी गंज पुढची पायरी. तांब्याचा अंश असलेल्या लाकडातल्या द्रव्यांनी साधं गॅल्व्हनाइझिंग लवकर खाल्लं जातं, म्हणून हॉट-डिप्ड गॅल्व्हनाइझ्ड किंवा स्टेनलेस सामान लागतं. हँगरची सगळी भोकं योग्य खिळ्यांनी भरलेली हवीत. ड्रायवॉलचे काळे स्क्रू दिसले तर समजा की ज्याने हे केलं त्याला काम येत नव्हतं, आणि बाकीचंही तितक्याच संशयाने तपासा.

खांब जमिनीला टेकतो तिथे माती थोडी उकरून स्क्रूड्रायव्हर लावा. तुळई खांबाच्या डोक्यावर बसलेली आहे की नुसती बाजूला बोल्टने टांगलेली, तेही बघा. बाजूला टांगलेली असेल तर सगळं वजन त्या एक-दोन बोल्टवर. थंड प्रदेशात पायाची खोली निर्णायक असते. जमीन गोठते तेव्हा फुगते आणि उथळ पाया वर उचलते, उन्हाळ्यात तो पुन्हा बसतो, पण पूर्वीच्या जागी नाही. म्हणून न्यू जर्सीच्या बहुतेक भागांत ३६ इंच, शिकागोकडे ४२ आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ४८ इंच खोल पाया मागतात. डेक एका बाजूला कलला असेल, पायरी आणि डेक यांच्यात दरवर्षी नवी फट पडत असेल, तर दोष पायात आहे. शेवटी डेकच्या मधोमध उभं राहून अंगाने डावी-उजवीकडे जोर द्या. अख्खा डेक झुलला तर त्याला तिरके आधार नाहीत किंवा जोड सैल झालेत.

कठडा आणि पायऱ्या यांचा हिशेब वेगळा ठेवा. डेक जमिनीपासून ३० इंचांहून उंच असेल तर कठडा सक्तीचा आहे, किमान ३६ इंच उंचीचा, कॅलिफोर्नियात ४२ इंच. गजांमधली फट ४ इंचांपेक्षा कमी हवी, कारण त्याहून मोठ्या फटीतून लहान मूल निसटू शकतं किंवा त्याचं डोकं अडकू शकतं. कठड्याच्या माथ्यावर कुठेही २०० पौंडांचा जोर आला तरी त्याने तो सोसायला हवा. जुन्या डेकवर चार बाय चारचा खांब अर्धा कापून दोन खिळ्यांवर बसवलेला सर्रास दिसतो. आपल्याकडे फोटो काढताना वीस जण एकाच बाजूला कठड्याला टेकून उभे राहतात, तेव्हा खरी परीक्षा त्या दोन खिळ्यांची असते. डेकचा मोठा निर्णय पुढच्या वर्षावर ढकलायचा असला तरी कठडा आणि पायऱ्यांना हाताला धरायची दांडी या वर्षीच पक्की करून घ्या. खर्च फार नाही, आणि घरात सत्तरीचे आईबाबा येणार असतील तर याला पर्यायच नाही.

वजनाचं गणितही एकदा डोळ्यांखालून घाला. सध्याच्या नियमाप्रमाणे डेकने प्रत्येक चौरस फुटाला ४० पौंड माणसांचं आणि सामानाचं वजन पेलायला हवं. बारा बाय सोळाच्या डेकला हे ७,६८० पौंड होतं, म्हणजे साधारण साडेतीन हजार किलो. धडधाकट डेकवर चाळीस माणसं उभी राहिली तर अडचण नाही. मात्र तीच चाळीस माणसं एका तालावर हलू लागली की जोडांवर आडवा ताण येतो, आणि जुन्या डेकना घराशी ओढून धरणाऱ्या पट्ट्या सहसा नसतात. लेझीम, गरबा, ढोल यांची जागा अंगण किंवा ड्राइव्हवे. हॉट टबचा विचार करत असाल तर इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको. चारशे गॅलन पाण्याचंच वजन ३,३०० पौंडांच्या वर जातं, आणि ते चार माणसं बसतील एवढ्या जागेत एकवटलेलं असतं.

तपासणी झाली की चित्र बहुधा तीनपैकी एक निघतं.

सांगाडा निरोगी, फळ्या थकलेल्या: डेक पाडायचं काहीच कारण नाही. फळ्या काढा, कड्यांचे माथे तपासा, जुनी भोकं बुजवून कड्यांवर जलरोधक टेप चिकटवा आणि नव्या फळ्या टाका. एखाद-दोन कड्या खराब निघाल्या तर त्यांच्या अंगाला लागून नव्या कड्या जोडता येतात, सुतार याला सिस्टरिंग म्हणतात. कॉम्पोझिट फळ्या टाकायच्या असतील तर कड्यांमधलं अंतर आधी मोजा. सरळ फळ्यांना १६ इंच, तिरक्या बसवायच्या असतील तर बहुतेक कंपन्या १२ इंच मागतात. जुन्या डेकमध्ये ते २४ इंच असेल तर मधे कड्या वाढवाव्या लागतील, नाहीतर उन्हात फळ्यांना झोळ पडेल. आणि कॉम्पोझिटची पंचवीस वर्षांची वॉरंटी फळीची असते. खालचं लाकूड तोच जुना गडी. वीस वर्षांच्या शंकास्पद सांगाड्यावर महागडी फळी चढवणं हा या सगळ्या व्यवहारातला मला सर्वांत चुकीचा वाटणारा खर्च आहे, आणि तो सर्वांत जास्त होतो, कारण शोरूममध्ये नमुना फळीचा दाखवतात.

लेजर किंवा पाये गेलेले, अनेक कड्या मऊ: इथे नवा डेक. अर्धवट दुरुस्तीत सुताराचे तास नव्याइतकेच लागतात, कारण जुनं सोडवत, जपत, जुळवत काम करावं लागतं.

तिसरं चित्र मधलं, आणि डोकेदुखी तिथेच. तिथे वर्षाचा खर्च काढून बघा. समजा, दुरुस्तीला ७,००० डॉलर सांगितले आणि त्यातून पाच वर्षं निघतील, तर वर्षाला १,४०० पडले. नवा २४,०००चा आणि वीस वर्षांचा, तर वर्षाला १,२००. असा हिशेब दुरुस्तीच्या विरुद्ध जातो. पण दोन वर्षांत घर विकून मुलांच्या जवळ राहायला जायचं असेल, तर पक्का लेजर, पक्का कठडा आणि स्वच्छ फळ्या एवढं पुरे. नव्या डेकवर घातलेले सगळे पैसे घराच्या किमतीत परत येतील या भरवशावर राहू नका. दुरुस्तीचा आकडा नव्याच्या निम्म्याच्या पुढे गेला आणि घरात राहायचं असेल, तर मी नव्याच्या बाजूने कौल देईन.

डेक जमिनीपासून दीड-दोन फूटच उंच असेल तर आणखी एक वाट आहे, तो काढून टाकायचा आणि फरसबंदी पॅटिओ करायचा. दाराशी दोन-तीन पायऱ्या येतील, पण कुजायला काही उरत नाही, आणि वर गरबासुद्धा खेळता येतो.

२००४पूर्वीच्या डेकबद्दल मात्र एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवली पाहिजे. त्या काळच्या ट्रीटेड लाकडात बहुतेक वेळा क्रोमियम, तांबं आणि आर्सेनिक यांचं मिश्रण भरलेलं असे. २००३ अखेरपासून घरगुती कामासाठी ते बंद झालं. असं लाकूड उभं असताना त्यावर चांगलं सीलर मारत राहिलं तर आर्सेनिक बाहेर येण्याचं प्रमाण कमी होतं. ते रंधू किंवा घासू नका, कापताना मास्क लावा, आणि फायरपिटमध्ये किंवा शेकोटीत कधीही जाळू नका, धूर आणि राख दोन्ही विषारी. जुन्या फळ्या वाया जाऊ नयेत म्हणून त्यांचे वाफे करून मेथी, कोथिंबीर, वांगी लावण्याचा मोह आपल्या लोकांना होतोच. या फळ्यांचे भाजीचे वाफे करू नका. गावाच्या कचरा विभागाला विचारून त्या सांगतील तिथेच टाका.

काम बाहेर द्यायचं ठरलं की आधी टाउनच्या बिल्डिंग डिपार्टमेंटला फोन करा. नुसत्या फळ्या बदलायला बऱ्याच ठिकाणी परमिट लागत नाही, सांगाड्याला हात लावला की बहुतेक ठिकाणी लागतं. सोसायटी असेल तर तिची मंजुरी वेगळी. ‘परमिटशिवाय करून देतो, स्वस्त पडेल’ म्हणणाऱ्याला निरोप द्या. परमिटमुळे तुमच्या बाजूने पाहणारा एक तिऱ्हाईत माणूस फुकटात मिळतो, आणि घर विकताना वकिलाचा फोन येत नाही. खड्डे खणण्यापूर्वी ८११ला फोन करायला सांगा. न्यू जर्सीत काँट्रॅक्टरची राज्याकडे नोंदणी हवी आणि ५०० डॉलरच्या वरचं काम लेखी कराराशिवाय देऊ नये. कॅलिफोर्नियात आगाऊ रक्कम करारातल्या किमतीच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांतलं जे कमी असेल त्यापेक्षा जास्त मागता येत नाही. निम्मे पैसे आधी मागणाऱ्याबद्दल इतर राज्यांतही सावध राहा.

तीन जणांकडून अंदाज घ्या, आणि प्रत्येकाला तेच प्रश्न विचारा. लेजरवर फ्लॅशिंग कशाचं लावणार? तांबंमिश्रित लाकडाला थेट लागणारं ॲल्युमिनियम गंजतं, तेव्हा ‘ॲल्युमिनियम’ हे उत्तर पटण्यासारखं नाही. बोल्ट कोणते, किती अंतरावर? हँगर हॉट-डिप्ड का? जमिनीजवळचं लाकूड ग्राउंड काँटॅक्ट दर्जाचं आहे का? त्याच्या टोकाला छोटं प्लॅस्टिकचं लेबल ठोकलेलं असतं, त्यावर तसं लिहिलेलं असतं. ही उत्तरं करारात लिहून घ्या. जो माणूस तुमच्यासमोर डेकच्या खाली शिरला नाही आणि वरूनच आकडा सांगून गेला, त्याचा अंदाज बाजूला ठेवा, तो सर्वांत कमी असला तरी.

देखभालीचं थोडक्यात. फळ्यांच्या फटींत साठलेली पानं वर्षातून दोनदा काढा. तुळशीची, कढीपत्त्याची, मिरचीची कुंडी थेट फळीवर ठेवू नका. तिच्याखाली कायम ओल राहते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत तिथे काळं वर्तुळ उमटतं. कुंडीखाली उंच पाय असलेलं स्टँड ठेवा आणि कुंड्या भिंतीला, म्हणजे लेजरच्या डोक्यावर, रांगेने लावू नका. हे टाळू नका, कारण घरमालकाच्या विमा पॉलिसीत झीज आणि कूज सहसा भरून मिळत नाही.

वर सांगितलेल्या तपासणीत लेजरला खिळेच दिसले, स्क्रूड्रायव्हर आत गेला, किंवा डेक भिंतीपासून किंचितही सुटलेला वाटला, तर दुरुस्ती की नवा याचा विचार नंतर करा. त्या दिवसापासून डेकचं दार कुलपात ठेवा आणि परवानाधारक इंजिनिअर किंवा काँट्रॅक्टर खाली शिरून बघेपर्यंत वर कोणालाही जाऊ देऊ नका, मग गणपती चार दिवसांवर आलेले असले तरी.